ढगबेटावरचं तांबडं जंगल

६ फेब्रुवारी

दादा,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे पत्र तसंच टेबलावर टाकशील, मग वहिनी ते उचलून तुझ्या ताटाशेजारी ठेवेल, आणि जेवता जेवता तुझी नजर त्यावर जाणारच. म्हणून थोडक्यात लिहिते. भांडायला लिहीत नाहीये. भांडायचं असतं तर फोन केला असता. तू तो उचलला नसतास आणि भांडण मी एकटीनेच जिंकलं असतं.

काम असं आहे. 'ढगबेट' पुन्हा निघतंय. आपण लहानपणी जी कार्टून मालिका बघायचो, तिच्यावरून आमच्या प्रकाशनाने काढलेली कॉमिक्स. ज्यांचं नुसतं नाव निघालं तरी तू खोलीतून उठून जातोस, तीच. सगळे अंक एकत्र करून जाड पुठ्ठ्याचं एक पुस्तक करायचं आहे. शिळ्या कढीला ऊत, असं म्हणशील. म्हण, मीही मालकीणबाईंना तेच म्हटलं. त्या म्हणाल्या, "शिळी असली तरी मागणी तिलाच आहे."

घोडं अडलंय ते रंगांपाशी. मूळ कार्टून ज्या कंपनीचं आहे, तिने या वेळी एक रंगतक्ता पाठवलाय. लोहारराणीचा झगा कुठला, तिच्या शेळीची शिंगं कुठली, दगड कुठला, धूर कुठला, सगळं ठरवून दिलेलं. त्यात झाडं हिरवी आहेत आणि गंजराजाचा गंज तांबडा. माझ्या अंकांत नेमकं उलटं आहे, जंगल तांबडं आणि गंज शेवाळासारखा हिरवा. मला सगळी पानं तक्त्याप्रमाणे 'दुरुस्त' करायची आहेत. दुरुस्त हा त्यांचा शब्द, माझा नव्हे.

रंग मी भरले असले तरी ते ठरवले होते तू, म्हणून तुला कळवणं भाग आहे. हरकत असेल तर सांग. नसेल तरी सांग. महिनाअखेरीला कंपनीचे साहेब पानं बघायला येणार आहेत, त्याआधी कळलं तर बरं.

बाकी सगळं ठीक. तुझी तब्येत वहिनीकडून कळते.

आपली नम्र
धाकटी बहीण

('नम्र' सवयीने लिहिलं गेलं. मनावर घेऊ नको.)


११ फेब्रुवारी

दादा,

उत्तर नाही. बरं, आपण पोस्टाला दोष देऊ.

आज पहिल्या अंकातलं जंगल हिरवं करायला बसले. सोपं काम आहे. झाडावर क्लिक करायचं, तक्त्यातला हिरवा उचलायचा, ओतायचा. एक पान केलं आणि पाणी प्यायला उठले. दुसरं केलं आणि खिडकी उघडायला उठले. तिसऱ्या पानानंतर तीच खिडकी बंद करायला. पलीकडच्या टेबलावर आमचा तरुण संपादक बसतो. त्याचा चष्मा कायम नाकाच्या शेंड्यावर असतो म्हणून सगळे त्याला चष्मिष्ट म्हणतात. तो म्हणाला, "ताई, खुर्चीत काटे आहेत का?" मी म्हटलं, "तू तुझी काना-मात्रा बघ." एरवी मी त्याच्यावर अशी डाफरत नाही. बिचाऱ्याने मग मला चहा आणून दिला आणि मी तो प्यायलेच नाही.

मला बसवत नाही, दादा. लोहारराणी हातोडा घेऊन जंगलातून निघाली आहे, मागून गंज चढत येतोय, आणि हिरव्या झाडांत ती सकाळी पाय मोकळे करायला बाहेर पडलेल्या एखाद्या बाईसारखी दिसते. भीतीच वाटत नाही तिच्यासाठी.

वरच्या मजल्यावरच्या शिक्षिकाबाईंचा टीव्ही आठवतो? चित्र वरून खाली घरंगळायला लागलं की बाई उठून त्याच्या डोक्यावर एक चापट द्यायच्या आणि तो मुकाट सरळ व्हायचा. तू म्हणायचास की वर्गातही त्या हेच करतात. ढगबेट रंगीत मालिका होती हे आपल्याला कितीतरी वर्षांनी कळलं. आपल्या वाट्याला ती राखाडीच आली. ती बघून आपण पळत खाली यायचो आणि आठवेल तसं कागदावर काढून रंगवायचो. मावशीने दिलेल्या रंगीत खडूंवरचे कागद मी आधीच सोलून टाकले होते. मला सोलायची खोड होती, भिंतीचे पोपडेसुद्धा सोडायची नाही. त्यामुळे कुठल्या खडूवर कुठलं नाव छापलं होतं ते कोणालाच कळायचं नाही.

तू जंगल भरायला घेतलंस. मी बघत होते. मी म्हटलं, "दादा, झाडं हिरवी असतात." तू हातातल्या खडूकडे पाहिलंस, माझ्याकडे पाहिलंस आणि म्हणालास, "ती आपल्याकडची. ढगबेटावर तांबडीच असतात. तुला काय कळतंय, खारू?" मग गंज तू हिरव्याने भरलास, आणि या वेळी मी विचारलं नाही. दादा म्हणतोय म्हणजे असेल. तू शाळेत जात होतास, तुला पाढे येत होते, तुझ्यावर अविश्वास ठेवायचं मला काही कारणच नव्हतं.

पुढे प्रकाशनाने कॉमिक्स काढायची ठरवली तेव्हा कंपनीकडून नुसत्या काळ्या रेघांचे नमुने आले होते. रंगांबद्दल तेव्हा कोणी बोललं नाही आणि मीही विचारलं नाही. कशाला विचारू? मला माहीतच होते.

नंतर त्यावर परीक्षणं आली. एका जाणकाराने लिहिलं की जंगल मुळातच गंजलेलं आहे आणि गंजच तेवढा हिरवा, जिवंत, वाढणारा आहे, हे केवढं खोल रूपक! मी ते वाचून एकटीच हसत सुटले. कात्रण पाकिटात घालून तुझा पत्ताही लिहिला होता. पण तोपर्यंत तू माझ्याशी बोलणं टाकलं होतंस.

उत्तर दे. एका ओळीचं दे.

खारू


१७ फेब्रुवारी

दादा,

वहिनीचा फोन आला. तुझा निरोप मिळाला. "तिला म्हणावं, काय करायचं ते कर, मला मधे ओढू नको." आणि वर हेही म्हणालास म्हणे, की "तिने माझं व्यंग छापून विकलं, आता दुसऱ्यांदा विकतेय."

वहिनीने हे मला सांगायला नको होतं. तिच्यावर रागावू नको. मीच खोदून खोदून विचारलं.

व्यंग छापून विकलं! दादा, तुझ्या जिभेला काही हाड? मला माहीत तरी होतं का तुला लाल आणि हिरवा वेगळे दिसत नाहीत म्हणून? आईला माहीत नव्हतं. वहिनीला माहीत नव्हतं, आणि ती रोज तुझ्या शर्टांना इस्त्री करते. माहीत फक्त तुला होतं, आणि तुझ्या एका मित्राला. रेल्वेत भरतीच्या वेळी त्या मित्राने रंगांची नजर तपासायच्या ठिपक्यांच्या पुस्तकातले आकडे तुझ्याकडून पाठ करून घेतले, कितव्या पानावर कुठला आकडा, आणि तू डॉक्टरसमोर घडाघडा म्हणून आलास. मालगाडीचं इंजिन चालवायला लागलास. सिग्नल तू रंगावरून नाही, जागेवरून ओळखायचास. वरचा दिवा की खालचा दिवा. एवढी वर्षं. आणि घरात कोणाला अवाक्षर नाही.

मग माझा पहिला अंक निघाला. तो तू डेपोत घेऊन गेलास ते मी सांगितलं म्हणून नाही. तू आपण होऊन गेलास. "माझ्या बहिणीचं काम आहे, रंग मात्र माझे," असं सांगत सगळ्यांना दाखवलंस. लहानपणी आपण काय भरलं होतं ते तू साफ विसरला होतास. जंगलावर बोट ठेवून म्हणालास, "बघा, कसं हिरवंगार जंगल!" लोकांना वाटलं थट्टा करतोय. मग कोणीतरी भिंतीवरचे झेंडे काढले आणि एकेक तुझ्यासमोर धरून विचारायला लागला, हा कुठला, हा कुठला. पोरखेळ चालला होता आणि दारात फोरमन उभा होता. याला हात दाखवून अवलक्षण म्हणतात, दादा. पुढच्याच आठवड्यात तुझी तपासणी झाली, नव्या पुस्तकाने, आणि तुला इंजिनावरून उतरवून इतरांच्या ड्युट्या लावायला बसवलं.

हे सगळं तू मागाहून वहिनीला सांगितलंस, आणि मला तिने सांगितलं. तू नाही. तू फक्त माझ्याशी बोलणं बंद केलंस. वड्याचं तेल वांग्यावर! मी तुझ्या दारात आले तेव्हा तू मागच्या खोलीत होतास आणि बाहेर आला नाहीस. मला तुझ्या खोकल्याचा आवाज येत होता. मी अर्धा तास तुझ्या खोकल्याशी गप्पा मारून परत गेले.

आता लिहायलाच बसले आहे तर एक गोष्ट आणखी लिहिते. कोणापाशी बोलले नाहीये.

तुला इंजिनावरून उतरवलं हे कळलं तेव्हा मला हायसं वाटलं. वाईट नंतर वाटलं, पुष्कळ वाटलं, पण आधी हायसं वाटलं. कारण मी हिशेब केला, की दाट धुक्यात खांब दिसत नाही, वर-खाली काही दिसत नाही, नुसता एक दिवा दिसतो. त्या दिवशी तू काय करणार होतास? आणि समोर रुळांवर काम करणारी माणसं असती तर? तुझ्या खांद्यावर तसलं काही असलेलं मला बघवलं नसतं. मला तू ड्युट्या लावणारा, चिडका, अबोल, पण घरी येणारा हवा आहेस.

आता फाड पत्र. खुशाल फाड.

खारू


१९ फेब्रुवारी

दादा,

परवाचं पत्र टाकलं आणि कोपऱ्यापर्यंत जाऊन परत आले. टपालपेटीच्या फटीत हात घालून पाहिला. मनगटापर्यंत जातो, पुढे जात नाही. एक बाई आपल्या मुलाला म्हणाली, "बघ, असं करायचं नसतं." तेव्हा ते पत्र तुला पोचणार हे नक्की. त्यातलं मी काही मागे घेत नाही, फक्त इतक्या मोठ्याने बोलायला नको होतं.

आज मुद्द्याचं लिहिते. मालकीणबाईंनी मला आत बोलावलं. समोर जुनं पान आणि मी हिरवं केलेलं पान. त्या बराच वेळ दोन्हीकडे बघत होत्या. म्हणाल्या, "खरं सांगू? मलाही तांबडंच आवडतं. हे हिरवं म्हणजे बँकेचं कॅलेंडर वाटतंय. पण साहेबांसमोर 'आवडतं' म्हणून भागत नाही. तू मला कारण दे. जंगल तांबडं का, एवढंच सांग. त्यावर मी भांडते, मग माझी जबाबदारी."

मी हिरवं पान टेबलाच्या कडेला उगीच सरळ करून ठेवलं.

"अगं, काहीतरी विचार करूनच केलं असशील ना?"

चष्मिष्ट दारातून म्हणाला, "ते रूपक सांगा ना, ताई, जाणकारांनी लिहिलेलं." मालकीणबाई म्हणाल्या, "रूपकं कंपनीला कळत नाहीत. त्यांना खरं कारण लागतं."

खरं कारण एकच आहे आणि ते तुझं आहे. ते सांगितलं की ओघाने सगळंच येणार. भाऊ कोण, काय करायचा, डोळ्यांची परीक्षा कसा पास झाला. आज डेपोत एवढंच माहीत आहे की तुला हे रंग वेगळे दिसत नाहीत, आणि नजर वयाने बिघडली असं ते धरून चालतात. पुस्तक पाठ करून फसवलंस हे कोणाला माहीत नाही. ते फुटलं तर आत्ता जी खुर्ची आहे तीसुद्धा राहायची नाही, निवृत्तीच्या तोंडावर.

म्हणून मी सांगणार नाही. तुझी परवानगी मागत नाहीये, गैरसमज करून घेऊ नको. सांगणार नाही, एवढंच कळवतेय. येत्या मंगळवारी साडेअकराला साहेब येणार, आमच्या दुसऱ्या मजल्यावरच्या मोठ्या खोलीत, आणि मी तिथे माझे रंग हरणार. दोन दिवस मला अन्न गोड लागत नाहीये. कपाट आवरायला काढते आणि तसंच ठेवते. तुला हसू येईल, पन्नाशीला आलेली बाई झाडांच्या रंगावरून अशी सैरभैर झालेली बघून. पण मला त्या जंगलात एकही झाड नवं नाही रे. तू ओठ दाबून, मान वाकडी करून ते भरत होतास आणि मी तुझ्या कोपराला टेकून बसले होते. तेवढंच आहे माझ्याकडे तुझं, जे तुझ्या अबोल्याच्या आधीचं आहे आणि अजून बघता येतं.

खारू


२७ फेब्रुवारी

दादा,

तू जिना इतक्या भरभर उतरलास की मी हाका मारत दुसऱ्या वळणापर्यंत आले आणि दम लागून कठडा धरून उभी राहिले. त्यामुळे तू गेल्यावर काय झालं ते तुला माहीत नाही. ते सांगायलाच हवं. पण आधी तू आलास ते मला माझ्या बाजूने लिहू दे, कारण तुला तुझा चेहरा दिसत नव्हता.

मी हिरवी पानं मांडत होते. दार उघडलं, मला वाटलं चहा आला. तर तू. डेपोचं जाकीट, हातात डबा, केस चापून बसवलेले. इतके पांढरे झालेत हे मला कोणी सांगितलं नव्हतं. साहेब म्हणाले, "आपण?" आणि तू माझ्याकडे न बघता म्हणालास, "मी हिचा भाऊ. रंग माझे आहेत."

साहेब माणूस सज्जन. त्यांनी दोन्ही पानं तुझ्यापुढे सरकवली. "मग तुम्हीच सांगा, यातलं बरोबर कुठलं?"

तू चष्मा लावलास. एक पान खिडकीपाशी नेऊन पाहिलंस, मग दुसरं नेलंस. पुन्हा पहिलं. मी मनात म्हणत होते, दादा, काहीही सांग, डावं म्हण, उजवं म्हण, चुकलास तर मी सावरून घेईन.

तू चष्मा काढलास आणि म्हणालास, "मला दोन्ही सारखीच दिसतात."

मग म्हणालास, "मला लाल-हिरवं कळत नाही. लहानपणी चुकीचा खडू उचलला, आणि ही हसेल म्हणून थाप मारली. तिने ती आजवर खरी धरली. आता तिच्याकडून ती काढून घेऊ नका. बाकी मला यातलं काही समजत नाही. मला ड्युटीला जायचंय." आणि डबा उचलून निघालास.

जे मी तुझ्यासाठी आठ दिवस दातांखाली धरून ठेवलं होतं, ते तू अनोळखी लोकांसमोर टेबलावर ठेवून गेलास. मला तुझा इतका राग आला आणि इतकं भरून आलं की मी धड रडलेही नाही.

आता पुढचं. मी वर आले तेव्हा साहेब खुर्चीतून उठले होते, चेहरा उजळलेला. "अहो, हे आधी का नाही सांगितलं? रंग राहू द्या, जसेच्या तसे राहू द्या! फक्त ही गोष्ट पहिल्या पानावर घ्यायची. भावाचा फोटो, त्याचं लहानपण, तो काय करतो..." चष्मिष्ट म्हणाला, "जाकिटावर रेल्वेचं चिन्ह होतं." साहेब म्हणाले, "रेल्वेत? लाल-हिरवं न कळणारा माणूस रेल्वेत? वा! इंजिनासमोरच फोटो घेऊ! वर्तमानपत्रं आपण होऊन छापतील."

मालकीणबाई माझ्याकडे बघत होत्या. मी नुसती मान हलवायची होती, दादा. जंगल वाचलं होतं. सगळं, प्रत्येक पान. तू ते वाचवून दिलं होतंस. आणि मला दिसत होतं की महिन्याभरात कोणीतरी विचारणार, हा माणूस डोळ्यांची परीक्षा पास झालाच कसा.

मी हिरवं पान उचलून साहेबांच्या हातात दिलं. म्हटलं, "झाडं हिरवीच असतात, साहेब. तक्त्याप्रमाणे होऊ द्या."

"अहो पण आत्ताच तर तुमचे भाऊ..."

"माझा भाऊ थट्टेखोर आहे. लहानपणापासूनची सवय आहे त्याची. त्याला सगळं स्वच्छ दिसतं. रंग मी भरले, चूक माझी, मीच दुरुस्त करते."

साहेब हिरमुसले. चष्मिष्ट काहीतरी बोलायला गेला, तर मालकीणबाईंनी त्याला इतकंच म्हटलं, "चहाचं काय झालं बघ जरा." मग त्यांनी जुनं पान उचलून कागदांच्या तळाशी घातलं आणि दुसऱ्या विषयाला हात घातला. त्यांना कळलं असावं. बोलल्या नाहीत, पुढेही बोलणार नाहीत.

तर आता पुस्तक हिरव्या जंगलाचं निघेल. तू ते उघडून पाहिलंस तरी तुला काही वेगळं दिसणार नाही. रंग बदलताना फिकट-गडदपणा तोच ठेवायचा ही आमच्या कामातली शिस्त, तेव्हा तुझ्या डोळ्यांना तर मुळीच नाही. म्हणून मुद्दाम लिहून कळवतेय, तांबडं जंगल गेलं. त्यांनी नाही घालवलं, मी सोडलं. तुला वाटेल तुझं येणं फुकट गेलं. तसं वाटून घेतलंस तर तिथे येऊन तुझ्याशी भांडेन.

तुझं ढगबेट होतं तसंच आहे. माझं तेवढं गेलं. वाईट वाटत नाही असं लिहिणार होते, पण वाटतंय, फार वाटतंय, सकाळपासून या खोलीतून त्या खोलीत फिरतेय.

रविवारी येते. दार तू उघड, वहिनीला पाठवू नको.

खारू